एसी की डीसी? नावावरून वाद कधी घालावा

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यानं प्रश्न पाठवला: ‘नुसत्या शब्दावरून होणारे वाद फोलच असतात ना?’ ‘हो’ म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण मला ते पटत नाही. आज एकच उदाहरण नीट बघू या. ते तत्त्वज्ञानातलं नाही, छोट्या रेल्वेगाड्यांचं आहे.

अमेरिकेत प्रतिकृती-रेल्वेचा छंद जुना आहे. घराच्या तळघरात रूळ, स्टेशनं, बोगदे उभारायचे आणि गाड्या चालवायच्या. या मंडळींची नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन ही संघटना १९३५ साली स्थापन झाली. जुनी पद्धत सरळ होती. एका रुळाला धन, दुसऱ्याला ऋण. व्होल्टेज वाढवलं की गाडी वेगात, तारा उलट्या केल्या की गाडी उलटी. ही साधी डीसी, आपल्या पाठ्यपुस्तकांतला एकदिश प्रवाह. अडचण एकच: एका रुळावर दोन इंजिनं ठेवली की दोन्ही बरोबरच पळणार.

यावर उपाय आला तो ‘डीसीसी’, म्हणजे डिजिटल कमांड कंट्रोल. जर्मनीतल्या लेन्झ कंपनीच्या पद्धतीवरून १९९०च्या दशकात संघटनेनं त्याचं प्रमाण ठरवलं. यात रुळांवर सतत पूर्ण व्होल्टेज असतं, आणि दोन रुळांमधलं धन-ऋण फार झपाट्यानं उलटसुलट होत राहतं. ५८ मायक्रोसेकंद असं आणि ५८ तसं झालं, तर तो ‘एक’. दोन्ही बाजूंना निदान १००-१०० मायक्रोसेकंद लागले, तर तो ‘शून्य’. इंजिनातला डीकोडर हे शून्य-एक वाचतो, आपल्या नावाचा हुकूम तेवढा पाळतो, आणि तीच वीज आत एकदिश करून मोटारीला देतो.

आता वाद असा: रुळांवरची ही वीज एसी की डीसी?

एक पक्ष म्हणतो, दिशा उलटते ना? मग एसीच. दुसरा म्हणतो, छे! मुळात डीसी वीजच इलेक्ट्रॉनिक स्विचनं इकडची तिकडे केली आहे. शिवाय घरातल्या विजेसारखी गोलाईदार लाट इथे कुठे आहे? वर्षानुवर्षं हा वाद चालतो, आणि त्यात विजेचा अभ्यास केलेले लोकही दोन्हीकडे असतात.

आपल्या न्यायशास्त्रात लक्षण, म्हणजे व्याख्या, तपासायची रीत आहे. ‘गोलाईदार लाट ती एसी’ म्हटलं, तर चौकोनी लाटेची एसी बाहेर राहते. ही अव्याप्ती. ‘जी बदलते ती एसी’ म्हटलं, तर दिशा न बदलता नुसती कमीजास्त होणारी डीसीसुद्धा आत येते. ही अतिव्याप्ती. ‘दिशा पुन्हापुन्हा उलटते ती’ हे लक्षण त्यातल्या त्यात टिकतं. मराठी शब्दच बघा ना: प्रत्यावर्ती, म्हणजे उलट फिरणारा. त्या लक्षणानं पहिला पक्ष जिंकला म्हणायचा.

पण थांबा. दिशा उलटते ती कुठून पाहिल्यावर? मोजणीच्या दोन टोकांपैकी एकेक टोक एकेका रुळाला लावलं, तर धन आणि ऋण आलटूनपालटून दिसतं. मात्र बहुतेक यंत्रणांत एक टोक वीज पुरवणाऱ्या बूस्टरच्या सामाईक बिंदूला लावलं, तर कुठलाही रूळ शून्याखाली जातच नाही. तो शून्य आणि धन यांच्यातच वरखाली करतो. दोघंही खरं बोलत होते!

विल्यम जेम्सनं १९०७च्या ‘प्रॅग्मॅटिझम’ या पुस्तकात खारीची गोष्ट सांगितली आहे. झाडाच्या पलीकडे खार आहे. माणूस झाडाभोवती फिरतो, तशी खारही सरकते आणि कायम पलीकडेच राहते. माणूस खारीभोवती फिरला का? उत्तर, पूर्व, दक्षिण, पश्चिम अशा दिशांनी पाहिलं तर फिरला. खारीच्या पुढून, बाजूनं, मागून गेला का म्हणाल, तर नाही. जेम्स म्हणतो, ‘भोवती’चा अर्थ ठरवा, वाद मिटेल.

मग आमचे श्रोते म्हणतात तेच खरं? वाद फोलच? नाही. कारण नाव ऐकलं की माणूस त्यावरून अनुमान काढतो, आणि अनुमानावरून हात चालवतो.

समजा, नवशिक्याला कुणी सांगितलं, ‘ही डीसी आहे.’ तो मीटर डीसीवर ठेवून रुळांना लावतो. काटा जवळजवळ शून्यावर! त्याला वाटतं, वीजच नाही. ‘एसी आहे’ म्हणून सांगितलं, तर तो एसीचा पट्टा निवडतो. पण साधा मीटर घरच्या विजेची गोल लाट गृहीत धरून आकडा काढतो. १४ व्होल्टची चौकोनी लाट त्याला साडेपंधराच्या आसपास दिसेल. शिवाय इथली लाट सेकंदाला हजारो वेळा उलटते, त्यामुळे स्वस्त मीटर भलताच आकडाही दाखवू शकतो. दोन्ही नावं कुठेतरी फसवतात.

याहून वाईट फसगत युरोपात होऊ शकते. तिथे मेर्कलिन या जर्मन कंपनीची तीन वाहकांची पद्धत आहे: मध्ये एक संपर्करेषा, दोन्ही बाजूंना रूळ. पूर्वी ती खरोखर एसीवर चाले. आज गाड्या डिजिटल झाल्या, तरी दुकानात त्या इंजिनाला ‘एसी’ आणि दोन रुळांवरच्या इंजिनाला ‘डीसी’ म्हणतात. म्हणजे शब्द विजेचा राहिला नाही, चाकांचा झाला! आता हे अनुमान बघा: डीसीसीची वीज एसी आहे, हे इंजिन एसी आहे, म्हणून ते या रुळावर चालेल. तसं इंजिन दोन रुळांवर ठेवलंत, तर शॉर्ट सर्किट. मेर्कलिनची डावी-उजवी चाकं एकमेकांपासून विजेच्या दृष्टीनं तोडलेली नसतात. नैयायिक याला वाक्छल म्हणतात: शब्द एक, अर्थ दोन, ‘नवकंबल’सारखा. नव कंबल म्हणजे नवी घोंगडी की नऊ घोंगड्या? फरक एवढाच, की इथे छळणारा कुणी नाही, माणूस स्वतःच फसतो. ५ अँपिअरचा बूस्टर १५ व्होल्टवर ७५ वॅट देऊ शकतो. संरक्षक स्विच वेळेवर पडला नाही, तर तेवढ्या उष्णतेनं प्लॅस्टिक वितळतं.

म्हणून मी वादात पडण्याआधी एक प्रश्न विचारतो: तुमचं नाव स्वीकारलं तर मी काय वेगळं करीन? मीटर कुठे लावीन, कुठलं इंजिन विकत घेईन? उत्तर ‘काहीच नाही’ असं आलं, तर तो जेम्सच्या खारीचा वाद. चहा पिऊन उठावं. पण कृती बदलत असेल, तर नाव बाजूला ठेवून वस्तूचं वर्णन करावं: ‘दोन रुळांमध्ये इतक्या व्होल्टची चौकोनी लाट आहे, अमुक मायक्रोसेकंदांनी उलटते, इंजिनाला दोन रुळांची चाकं लागतील.’ वाक्य लांब होतं खरं. पण या वाक्यावर दोन्ही पक्ष सही करतील, आणि नवशिक्याचं इंजिनही वाचेल. न्यायात जिंकण्यासाठी केलेल्या चर्चेला जल्प म्हणतात आणि सत्य समजावं म्हणून केलेल्या चर्चेला वाद. आपण करावा तो दुसरा.