चाळिशीनंतरची अर्धशिशी

बोईसरच्या फलाटावर उन्हाची तिरीप सोसवेना म्हणून पदर कपाळावर ओढून उभ्या राहिलेल्या चाळिशीपारच्या स्त्रीच्या अर्धशिशीचे खापर घरची मंडळी पित्तावर किंवा तारापूरच्या कारखान्यांच्या दर्पावर फोडतात. दर्प निमित्त ठरतो खरा, परंतु मूळ पुष्कळदा इस्ट्रोजेन या अंतःस्रावात असते, जो पाळीपूर्वी एकाएकी घसरतो आणि रजोनिवृत्तीआधीच्या वर्षांत तर सर्वस्वी बेहिशेबी होतो. म्हणून पाळीच्या आणि दुखण्याच्या तारखांची नोंद ठेवून ती डॉक्टरांच्या नजरेस आणावी. साधी वेदनाशामक गोळीदेखील महिन्यातून 15 किंवा अधिक दिवस, असे महिनोन्‌महिने घेतल्यास तीच डोकेदुखीस कारण होते, हे औषधाच्या दुकानात सहसा कोणी सांगत नाही! डोळ्यांपुढे नागमोडी प्रकाशरेषा उमटत असतील, तर इस्ट्रोजेनयुक्त गर्भनिरोधक गोळ्यांनी पक्षाघाताचा धोका वाढतो.