अंगणातील फुलझुडपांचा जमाखर्च

टेंभुर्णी हे मुळात एका झाडाचे नाव आहे. उघड्या माळावर कोणी पाणी न घालता वाढणारे आणि ऐन उन्हाळ्यात नवी पालवी धारण करणारे हे झाड. जाफराबाद तालुक्यातील आपल्या टेंभुर्णीत नवे घर बांधून अंगण सजवू पाहणाऱ्या कुटुंबाला गावाच्या नावातच पहिला धडा मिळतो. येथला उन्हाळा जे सोसेल, तेच झुडूप आपले.

रोपवाटिकेत आपण पावसाळ्यात जातो. तेव्हा प्रत्येक रोप हिरवेगार आणि फुललेले दिसते. त्याची खरी किंमत मात्र मे महिन्यात कळते. व्यापारी घराला हिशेब निराळा शिकवावा लागत नाही, म्हणून हाही हिशेब मांडून पाहावा. अंगणात वीस झुडपे आहेत आणि प्रत्येकाला एक दिवसाआड दहा लिटर पाणी लागते, असे धरले, तर उन्हाळ्याच्या साठ दिवसांत सहा हजार लिटर पाणी खर्ची पडते. तीच वीस झुडपे आठवड्यातून एकदा पाणी घेऊन तग धरणारी असतील, तर सुमारे सतराशे लिटरांत भागते. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातील मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या. पिण्याच्या पाण्यासाठी टँकरची वाट पाहणाऱ्या गावात शोभेच्या झाडांसाठी हात सैल सोडणे शोभत नाही.

माती काय सांगते?

आपल्याकडील काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि बहुधा चुनखडीयुक्त असते. कोकणच्या तांबड्या, आम्लधर्मी मातीत बहरणारी एक्झोरा येथे लावली, की काही महिन्यांत तिची पाने पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मातीत लोह असूनही चुन्यामुळे मुळांना ते घेता येत नाही. सुगंधी अनंताचीही हीच गत होते. या दोघांची फारच आवड असेल, तर ती मोठ्या कुंडीत निराळी माती भरून लावावीत. शंका असल्यास आधी माती तपासून घ्यावी. जालन्याजवळ खरपुडी येथील कृषी विज्ञान केंद्रात त्याविषयी चौकशी करता येईल.

कोणती झुडपे निवडावीत?

पांढऱ्या फुलांची तगर येथे उत्तम येते. पाने सदाहरित आणि निगा अल्प. पिवळ्या घंटांचा टेकोमा उन्हातच खुलतो. कोरांटी थंडीच्या दिवसांत फुलते, त्यामुळे इतर झुडपे विसावलेली असतानाही अंगण रिकामे दिसत नाही. बोगनवेलीचे रंगीत भाग म्हणजे पाकळ्या नव्हेत, त्या फुलांभोवतीच्या पानांसारख्या पुष्पकोशिका होत. खरे फूल आत लहानसे व फिकट असते. तिला पाणी अधिक दिले, तर पानेच वाढतात. थोडा ताण दिला, की रंग उमलतो. कुंपणासाठी मेंदी आणि अडुळसा विश्वासाचे आहेत. अडुळशाला शेळ्याही सहसा तोंड लावत नाहीत.

कण्हेर दुष्काळात टिकते, म्हणून महामार्गाच्या दुभाजकांवर ती सर्रास दिसते. परंतु तिचे पान, फूल, खोड असे प्रत्येक अंग विषारी आहे. पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, हिच्या बिया तर प्राणघातक ठरतात. दुरांताची मण्यांसारखी पिवळी फळेही लहान मुलांना मोह घालतात आणि तीही विषारीच. घरात रांगते मूल असेल किंवा दारी गाय बांधलेली असेल, तर ही झुडपे टाळलेलीच बरी. छाटलेल्या फांद्या गोठ्याजवळ टाकू नयेत, जाळूही नयेत. कण्हेरीचा धूरसुद्धा घातक असतो.

शोभेचे झुडूप कुंपणाबाहेर गेले, की काय होते, याचे उदाहरण घाणेरी. अमेरिका खंडातील हे झुडूप एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बागेची शोभा म्हणून भारतात आणले गेले. पक्ष्यांनी बिया पसरवल्या आणि आज त्याने रानेच्या राने व्यापली आहेत. त्याच्या पाल्याने गुरांना विषबाधा होते. आपली निवड केवळ आपल्या अंगणापुरती राहत नाही, हे त्यावरून ध्यानी यावे.

फवारणीचा प्रश्न

जास्वंद सर्वांच्या आवडीची. पण ती आणि कापूस एकाच कुळातील. कापसाच्या या पट्ट्यात तिच्यावर पिठ्या ढेकूण येतोच आणि मग औषधाची बाटली घरात शिरते. सूक्ष्म जीवांचीही हिंसा टाळू पाहणाऱ्या कुटुंबाने फवारणीची वेळच येऊ न देणारे झुडूप निवडावे. कढीपत्त्यावर किंवा तगरीवर सुरवंट दिसले, तर थोडी पाने गेली तरी चालतील. त्यांचीच पुढे फुलपाखरे आणि पतंग होतात, आणि झुडूप पुन्हा फुटते.

लावणीची वेळ

दोन फूट लांब, रुंद व खोल असे खड्डे वैशाखातच खणून ठेवावेत. चातुर्मासात जमिनीत जीवसृष्टी वाढलेली असते. तेव्हा कुदळ चालवणे त्यामुळे टळते. माती, मुरूम आणि चांगले कुजलेले शेणखत यांनी खड्डा भरावा. पहिल्या चांगल्या पावसानंतर वाफसा येताच रोप लावावे. काळी माती आकसताना पायावर ताण येऊ नये, म्हणून भिंतीपासून किमान तीन फूट अंतर ठेवावे. बुंध्याभोवती वाळलेल्या पानांचे किंवा सोयाबीनच्या कुटाराचे आच्छादन घालावे, ओल टिकते. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नये, तेथे डासांची उत्पत्ती होते.

पहिली दोन वर्षे नियमित पाणी द्यावे लागेल, कारण मुळे खोल जाईपर्यंत कोणतेही रोप परावलंबी असते. तिसऱ्या उन्हाळ्यात हात आखडता घ्यावा. निवड योग्य झाली असेल, तर आठवड्याच्या एका पाण्यावरही दारची तगर हिरवी राहील, आणि वाचलेले पाणी दारी येणाऱ्या पाखरांच्या परळात ओतता येईल.