गुण वाढविणारा विद्यार्थी

आमच्या परिचयाच्या एका शाळेंत नववींतील विद्यार्थ्यानें शिक्षकांचा परवलीचा शब्द वापरून संगणकांतील आपले गुण वाढविले. चालकांनीं त्याचें नांव काढण्याचें योजिलें व आमचें मत विचारलें. (छडी आम्हींही चालविली आहे, हें येथेंच सांगून टाकतों.) तो शब्द गुरुजींच्याच मेजावर चिठ्ठीवर लिहिलेला होता! ब्रिटनच्या माहिती-आयुक्तांच्या कचेरीनें २०२५ सालीं शिक्षणसंस्थांत आंतूनच झालेल्या माहितीभंगाच्या २१५ प्रकरणांची छाननी प्रसिद्ध केली. ५७ टक्के विद्यार्थ्यांचीं निघालीं, पण बिकट युक्ति योजिलेलीं अवघीं ५ टक्के. आम्हीं सांगितलें, मुलानें गुरुजींची क्षमा मागावी, सहामाही संपेपर्यंत संगणकास हात लावूं नये; नांव मात्र काढूं नये. चिठ्ठीचें काय, असें विचारतांच सभा स्तब्ध झाली. मुलगा सध्यां त्याच शाळेंत दहावींत आहे.