पानावरचा आडवा हात

रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या एखाद्या मराठी घरची पंगत डोळ्यांसमोर आणा. वाढपी जिलबीचं ताट घेऊन "अजून एक, फक्त एक" करत पुढे सरकतोय. तुम्ही पानावर आडवा हात धरता आणि तो थांबतो. पण हाच हात मेंदूतल्या पेशीने कसा धरायचा? ती धरते, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी तरी उडालोच.

मेंदूतल्या बहुतेक पेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात. निरोप देणारी आणि घेणारी यांच्यामध्ये जेमतेम 20 नॅनोमीटरची फट असते. एका मिलिमीटरमध्ये अशा 50 हजार फटी ओळीने मावतील! देणारीच्या टोकाशी रसायनाने भरलेल्या इवल्या पिशव्या तयार असतात. विजेचा संदेश आला की टोकावरची दारं उघडतात, बाहेरचं कॅल्शियम आत घुसतं आणि पिशवी फटीत रिकामी होते. एका पिशवीत हजारो रेणू, आणि एवढं सगळं डोळ्याचं पातं लवण्याच्या किती तरी आधी.

इथे एक गंमत आहे. कॅल्शियम निम्मं केलं तर रसायनही निम्मंच सुटेल ना? नाही. बेडकाच्या स्नायूवरच्या प्रयोगांतून 1967 साली दिसलं, की ते ढोबळमानाने सोळाव्या हिश्श्यावर येतं. म्हणजे कॅल्शियमचं दार अर्धं ओढून घेतलं, तरी वाढप जवळजवळ बंद!

मग दार ओढून घेतं कोण?

1991 साली एक कोडं पडलं. घेणाऱ्या पेशीला काही क्षण उत्तेजित केलं, की देणारी पेशी पुढचे काही सेकंद हात आखडता घेई. निरोप उलटा, घेणारीकडून देणारीकडे जात होता. नेणारा कोण, हे कळायला दहा वर्षं लागली.

2001 साली जपानमधल्या कानाझावाच्या चमूने नवजात उंदरांच्या मेंदूतल्या पेशी बशीत वाढवल्या. अशा सुट्या केलेल्या पेशींना बशीत नीट जपलं, की त्यांना फुटवे येतात आणि एक-दोन आठवड्यांत त्या आपसात जोडण्या करू लागतात. एखादी अगदी एकटी पडली तर स्वतःशीच जोडणी करते! चमूने शेजारच्या दोन-दोन पेशींना केसाहून बारीक नळ्या चिकटवून त्यांचं बोलणं ऐकलं. काही जोड्यांत देणारी पेशी भांगेसारख्या रसायनाला दाद देई, काहींत अजिबात नाही. उलटा निरोप फक्त दाद देणाऱ्या जोड्यांतच जात होता. त्या रसायनाची ग्राही, म्हणजे ते पेशीवर जिथे बसतं ती खाच, बंद केली, की तोही बंद.

भांग! होळीच्या थंडाईतली तीच. तिच्यातलं टीएचसी हे रसायन ज्या ग्राहीवर बसतं, ती देणाऱ्या पेशीच्या टोकावर असते आणि कॅल्शियमची दारं ओढून घेते. पण आपल्या मेंदूत ती काय भांगेची वाट बघत बसली होती? छे. घेणारी पेशी स्वतःच्या आवरणातल्या चरबीतून, लागेल तेव्हा ताजा रेणू बनवते, तो फटीतून उलटा पोहत जातो आणि ग्राहीवर बसतो. पुरे. मिनिटभरात निरोप पुसला जातो, वाढप पुन्हा सुरू. भांगेचा निरोप मात्र तासन्‌तास पुसला जात नाही. पानावर हात तुमचा नाही, तरी वाढपी अडलेलाच.

शरीरातला असा पहिला रेणू 1992 साली जेरुसलेमच्या प्रयोगशाळेत सापडला. शोधणाऱ्यांनी आपल्या संस्कृतातला 'आनंद' उचलून त्याला आनंदामाइड म्हटलं. आडवा हात धरण्याचं मुख्य काम मात्र त्याचं नव्हे. ते करतं त्याचं भावंड, 1995 साली समोर आलेलं 2-एजी. त्याला कुणी संस्कृत नाव दिलं नाही.