मनाच्या उपचाराचं बिल : आधी विचारा, मग द्या

कोलाड परिसरातल्या आमच्या बचत गटांत बाळंतपणासाठी, शाळेच्या फीसाठी कर्ज मागायला कुणी लाजत नाही. मनाच्या आजारासाठी मागताना मात्र कारण ‘घरखर्च’ असं लिहिलं जातं. हीच लाज दवाखान्यातही सोबत येते. खर्च विचारायचा राहून जातो, पैसे संपतात आणि उपचार अर्ध्यावर सुटतो. म्हणून आज हिशोबाचं बोलू.

समुपदेशन एका भेटीत संपत नाही, त्याला बैठका लागतात. प्रत्येक बैठकीची फी, रोहा-पनवेलचं गाडीभाडं आणि बुडालेली मजुरी, असा तिहेरी खर्च धरा. पहिल्याच दिवशी विचारा : फी किती? वेळ किती? साधारण किती बैठका लागतील? एखादी चुकली तर पैसे द्यावे लागतील का? औषध मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर देतात, समुपदेशक देत नाहीत. दोघांचं शिक्षण आणि नोंदणी विचारायला संकोच नको.

दर वेळी पावती घ्या. कशाचे किती पैसे लावले ते मांडलेलं बिल मागणं हा राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाच्या सनदेत सांगितलेला रुग्णाचा हक्क आहे. खाटा असलेल्या खासगी रुग्णालयांना राज्याच्या २०२१ च्या नियमांनुसार दरपत्रक आणि रुग्ण हक्कांची सनद दिसेल अशी लावावी लागते.

घरात आरोग्य विमा असेल तर तेही बघा. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ सांगतो की शरीराच्या आजारासारखाच मनाच्या आजारालाही विमा मिळाला पाहिजे. पण बऱ्याच विम्यांत दाखल झाल्यावरचाच खर्च मिळतो, नुसत्या बैठकींचा नाही. पॉलिसी कुणाकडून तरी वाचून घ्या.

पैसे संपत आले तर औषध मनानं बंद करू नका. डॉक्टरांना सांगा, आपले उपचाराचे कागद मागून घ्या आणि सरकारी दवाखाना गाठा. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला, कार्ड नसलं तरी, सरकारी ठिकाणी मनाचे उपचार मोफत मिळण्याचा हक्क याच कायद्यानं दिला आहे. टेली मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे. तो रात्रंदिवस चालतो आणि मराठीतून बोलता येतं.

बिलात फसवणूक झाली तर? पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये दिला. आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर बोला. नाही जमलं तर अलिबागच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करा. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. पावती नसेल तर मात्र बाजू लंगडी पडते.

पुढच्या बैठकीत हे दोन्ही नंबर गटाच्या वहीत उतरवून घ्या. आणि कर्जाच्या कारणात ‘उपचार’ एवढा एक शब्द पुरे धरा. आजाराचं नाव कुणी विचारू नये. मदत करायला त्याची गरज नसते.