'किमया' : एका शब्दाचा अर्थप्रवास

मराठीत 'किमया' हा आज कौतुकाचा शब्द आहे. गवयाच्या गळ्याची किमया, पहिल्या पावसाची किमया असे सहज म्हटले जाते. माधव आचवल यांनी आपल्या ललितलेखसंग्रहाला हेच नाव दिले. मुळात मात्र हे एका विद्येचे नाव आहे. हलक्या धातूचे सोने करण्याची विद्या ती किमया आणि ती साधणारा तो किमयागार.

हा शब्द अरबीतून फारशीत व फारशीतून मराठीत आला. अरबीने तो ग्रीकमधून घेतला. त्यापलीकडे मतभेद आहेत. काही अभ्यासक त्याचा संबंध इजिप्तच्या 'काळी भूमी' या अर्थाच्या प्राचीन नावाशी जोडतात, तर काही ओतकामाचा अर्थ असलेल्या ग्रीक शब्दाशी. या विद्येचा धातुकामाशी असलेला निकटचा संबंध पाहता दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. हाच शब्द 'अल्' या अरबी उपपदासह युरोपात जाऊन 'अल्केमी' झाला. सतराव्या शतकापर्यंत 'अल्केमी' व 'केमिस्ट्री' जवळजवळ समानार्थी होते. पुढे दुसरा शब्द नव्या शास्त्राचा झाला.

मराठीत असे घडले नाही, कारण येथे 'रसायन' होते. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी ते एक. रसशास्त्रात 'रस' म्हणजे पारा. इ. स. १०३०च्या सुमारास अल्-बिरूनीने भारताविषयी लिहिताना रसायनविद्येची तुलना किमयेशीच केली होती. शास्त्राचे नाव 'रसायन'ने घेतले आणि किमयेकडे लक्षणा उरली. ही लक्षणाही नवी नव्हे. इ. स. ११११ मध्ये निधन पावलेल्या अल्-गझालीच्या 'कीमिया-ए-सआदत' या फारशी ग्रंथात ती मनःशुद्धीच्या अर्थाने आहेच.

सोने करणारा 'परीस'ही मराठीजवळ होता. परंतु परिसाला कौशल्य लागत नाही, त्याचा स्पर्श पुरतो. किमया कोणीतरी करावी लागते. बहुधा म्हणूनच दोन्ही शब्द टिकले.

अक्कलकोट तालुक्यातील मैंदर्गी हे कर्नाटक सीमेलगतचे गाव. सोलापूर जिल्ह्यात मराठी, कन्नड व उर्दू अशा तिन्ही माध्यमांच्या शाळा आहेत. मराठी आणि कन्नड माध्यमांत विषयाचे नाव 'रसायनशास्त्र', तर उर्दू माध्यमात 'कीमिया'. शेजारच्या वर्गात जो शब्द आवर्तसारणीच्या तक्त्यावर असतो, तोच मराठीच्या तासाला कवितेच्या रसग्रहणात येतो.