खटका, नख आणि दहा रुपयांचा कटर

माळशिरसच्या बाजारात अडकित्ते, विळे आणि घडीचे चाकू मांडून बसणारे काका यंदाच्या उन्हाळ्यापासून दिसत नाहीत. त्यांच्या जागेवर नातू मोबाइलची कव्हरं विकतो. चाकू विचारला तर म्हणाला, "कटर घ्या की, दहा रुपयाला. एका हातानं उघडतो." मला ते झोंबलं. एका हातानं उघडणाऱ्या चाकूपायी आमच्या पिढीनं किती बोलणी खाल्ली, हे या पोराच्या गावीही नाही.

वडिलांच्या काळाविषयी फारसं सांगण्यासारखं नाही. लाकडी मूठ, पाठीला पोलादी पट्टी, पात्यावर नखापुरती खाच. एका हातात मूठ धरायची, दुसऱ्या हाताचं नख खाचेत घालून पातं ओढायचं. भाटघरचं धरण झालं, नीरा उजव्या कालव्यानं पाणी आणलं, माळीनगरला 1930च्या दशकात साखर कारखाना निघाला. बंडीच्या खिशातला चाकू मात्र होता तसाच राहिला.

खरी धमाल 1985 ते 1995 या दहा वर्षांत झाली. आम्ही विशीत होतो आणि हाताशी कामं भरपूर होती. खताच्या पोत्याची शिवण उसवायची, सुतळी तोडायची, पेरू चिरायचा. पण चाकूची परीक्षा असायची ती गोठ्यात. वासराच्या गळ्याला दाव्याचा पीळ बसलाय, ते डोळे पांढरे करून धडपडतंय आणि तुमचा एक हात त्याच्या मानेखाली अडकलाय. अशा वेळी नखाची खाच काय कामाची? मग चाकू दातात धरून उघडायचा. माझ्या पुढच्या दाताचा टवका अशाच एका संध्याकाळी गेला.

त्यावर ज्यानं त्यानं आपापला तोडगा काढला होता. कुणी चाकूची रिपीट जरा ढिली करून घ्यायचा आणि मनगटाच्या झटक्यानं पातं बाहेर काढायचा. दिसायला झकास, पण ढिलं पातं कापतानाही डुगडुगायचं आणि खिशात आपोआप उघडायचं. आमच्या चुलतभावाच्या मांडीवर त्याची खूण आहे. त्याचा तोरा मात्र कायम. मी वेगळा मार्ग धरला. पात्याची पाठ अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत घट्ट धरायची आणि हात खाली झटकायचा. मुठीच्या वजनानंच चाकू उघडतो. रिपीट फार ढिली लागत नाही, फक्त तेलाचा थेंब आणि मुठीला वजन हवं. चुलतभाऊ याला बायकी पद्धत म्हणायचा. आज त्याच्या कानावर घालतो : माझ्या मांडीवर खूण नाही.

आणि मग खटकेवाले. बटण दाबलं की आतली कमान पातं फेकते; सगळे त्याला रामपुरीच म्हणायचे, मग तो रामपूरला बनलेला असो नसो. गोठ्यात त्याच्याइतकं सोयीचं काही नव्हतं. दोष दोनच. आपली काळी माती खटक्यात बसली की तो ऐन वेळी दगा द्यायचा, आणि सिनेमा. 1965च्या 'वक्त'मध्ये राजकुमारच्या तोंडी चाकूवरचा तो संवाद आला, पुढे प्रत्येक खलनायकानं खटका दाबला. जत्रेतल्या तंबूत ते पाहून आलेल्यांना बटणाचा चाकू म्हणजे गुंडच वाटणार. दिल्लीत तर 1980 साली बटणाच्या चाकूंसाठी वेगळी अधिसूचनाच निघाली. शिकायला बाहेरगावी होतो तिथल्या वसतिगृहाच्या रेक्टरांनी माझा साधा नखाचा चाकूसुद्धा "हत्यार" म्हणून जप्त केला आणि पुढे वर्षभर त्यानंच आंबे कापले.

शस्त्र कायद्याखालच्या नियमांनी पात्याची लांबी नऊ इंच आणि रुंदी दोन इंच अशी सीमा आखली आणि शेतीची, घरकामाची हत्यारं त्यातून वगळली. पण शस्त्रबंदीचा आदेश लागला की त्यात काठ्या, सोटे, सुरे सगळे एका दमात येतात. बंदोबस्तातल्या शिपायासमोर इंचाची पट्टी कोण काढणार? लोकांनी चाकू खिशात ठेवणंच सोडलं.

गंमत म्हणजे एका हातानं चाकू उघडण्याचा प्रश्न अमेरिकेत गुंडगिरीचा शिक्का न बसता सुटला होता. 1981 साली स्पायडर्को कंपनीनं पात्याला एक गोल भोक पाडलं. अंगठा त्यात टेकवून पातं ढकलायचं. कमान नाही, बटण नाही, माती अडकायला जागा नाही, डावखुऱ्यालाही चालतं. आमच्या बाजारात असा चाकू तेव्हा आलाच नाही. आता ऑनलाइन येतो, तोही रील करणाऱ्या पोरांच्या हातात. त्यांनी त्यानं साधी सुतळीही कापलेली नसते.

आमच्याकडची 1995नंतरची वीस वर्षं सांगावीत अशी नाहीत. प्लास्टिकच्या पट्टीत सरकणारा कटर आला आणि जिंकला. अंगठ्यानं पुढे सारायचा, एक हात पुरतो, पोलीस हटकत नाहीत. पण त्याचं पातं मुळात तुकडे पडावेत म्हणूनच खाचा पाडून केलेलं असतं. मुरघासाची बॅग असो की पेंडीचं पोतं, आज सगळं त्यानंच फाडतात. तुकडा वैरणीत पडला तर गाय तो निवडत नाही, नीट न चावताच गिळते. तो दुसऱ्या कप्प्यात, जाळीच्या पोटात, जाऊन बसतो. पोट आवळलं की टोचत टोचत पडदा भेदतो आणि कधी थेट हृदयाच्या आवरणापर्यंत पोचतो. जनावर खाणं सोडतं, कण्हतं, दूध आटतं, आणि मालक आधी अपचन समजून काढे पाजत बसतो. पशुवैद्य पोटात चुंबक सोडतात, पण तो लोखंड धरून ठेवतो, झालेली जखम शिवत नाही.

तेव्हा चाकू कुठला घ्यायचा हे ज्याचं त्यानं ठरवावं. गव्हाणीपाशी मात्र कटर नेऊ नका. नेलाच, तर मोडलेला प्रत्येक तुकडा डबीत टाका, आणि गाय अचानक वैरणीला तोंड लावेना झाली तर डॉक्टरांना कटरचं आधी सांगा.